छोट्या घडीतले सहा

लहान भावानं दुबईहून याडीसाठी घडी, म्हणजे हातातलं घड्याळ, पाठवली, ती आधी माझ्याच हातात पडली. याडी म्हणजे आमची आई. आम्ही बंजारा, तांड्यातली माणसं, घरात गोरबोलीत बोलतो. पण तिचं बोलणं इथं मी मराठीतच लिहिते, नाहीतर अर्धे वाचणारे मला शिव्या घालतील. मी बसमध्ये कंडक्टर आहे. डेपो यवतमाळला, म्हणून तिथंच एक खोली घेऊन राहते. याडी महागावच्या अलीकडे आमच्या तांड्यात, एकटी.

घडी मोठी सुंदर होती. एकाच काचेखाली दोन डायल. वरचा मोठा, त्याच्या बाजूला तारखेची चिमुकली खिडकी. खालचा छोटा, बोराएवढा, त्याचे काटे आणि त्याची चावी वेगळी. सोबत दुमडून ठेवलेला एक कागद, त्यावर नाना भाषा, आपली सोडून. भाऊ फोनवर समजावत होता, "ताई, मोठ्यात आपला टाइम लाव, छोट्यात माहा. म्हणजे याडीले कळंल मी उठलो का झोपलो." त्याचा दिवस आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतो. मी खोलीत पलंगावर बसून चावी ओढली. एकदा टक् झालं की तारीख फिरते, दुसऱ्यांदा टक् झालं की काटे. छोट्याची चावी दुसऱ्या अंगाला. सगळं लावून झाल्यावर कानाशी धरली, तर दोन बारीक आवाज एकमेकांच्या मागं मागं चालले होते. मी किती वेळ तशीच बसले कोण जाणे. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की तो कुठंतरी जवळपास आहे, भिंतीच्या पलीकडे, आणि त्याच्या पावलांचा आवाज येतो आहे.

याडीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. घडी बांधायला जागाच नाही. तिनं पट्ट्यातून काळा दोरा ओवला आणि घडी गळ्यात घातली. तांड्यातल्या साऱ्या म्हाताऱ्या बघायला आल्या. दोन दिवसांनी मी फोन केला तर म्हणते, "बेटी, तुह्या घडीत दुपारीच उद्या येऊन राह्यला."

मला काही समजेना. मग डोक्यात उजेड पडला. मी काटे लावताना रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा यांची गल्लत केली होती. त्यामुळे भर दुपारी, तांडा भाकर खाऊन आडवा पडलेला असताना, त्या खिडकीत तारीख बदलत होती. मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. बस आर्णीच्या पुढं लागली की दुपारच्या गाडीत सगळे पेंगलेले असतात, ड्रायव्हर सोडून. बाहेर पळस पेटलेला, शेतं कापून रिकामी झालेली, आणि काचेतून येणारं ऊन कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पिशवीवर सरकतं. तेव्हा मला वाटायचं की याडीच्या गळ्यात आत्ता उद्या उजाडला असेल. पुढच्या सुट्टीला जाऊन मी काटे बारा तास पुढं फिरवून दिले. ती म्हणाली, "राहू देल्ली असती. दुपारी बरं वाटे."

आता संध्याकाळच्या गाडीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. संध्याकाळची माझी गाडी मुक्कामी. रात्री पुढच्या गावी थांबायचं, सकाळी परत. ही गाडी आमच्या तांड्याच्या फाट्यावरून जाते. वेळापत्रकात तिथली वेळ सहाची, म्हणून तिचं नावच सहाची गाडी. प्रत्यक्षात ती सहाला कधी आली असेल तर माझ्या जन्माच्या आधी. रस्त्याचं काम सुरू, आर्णीला कॉलेजची पोरं, बाया टोपल्या घेऊन चढणार, मग त्या टोपलीत कोंबडी आहे का यावर माझं आणि त्यांचं भांडण होणार. पाऊण तास तर हमखास जातो. फाट्यावर याडी डबा घेऊन उभी असते. गाडी थांबते, मी दारातून वाकते, ती डबा देते, मी कालचा रिकामा डबा तिच्या हातात ठेवते. "जेवजो." "हो." डबल बेल. एवढीच आमची भेट, आठवड्यातून पाच दिवस. ड्रायव्हरदादा चांगला आहे, त्याला कधी बोलावं लागलं नाही. फाटा आला की तो आपणहून हॉर्न देतो.

त्या डब्यातली भाकर गरम असायची. मुक्कामाला पोचून उघडला तरी फडक्यातून वाफेचा वास यायचा. मला वाटायचं, ज्वारीचा गुण असेल. माझ्या डोक्याला त्याच्यापुढं जायची सवयच नव्हती.

एका सुट्टीला मी तांड्यात गेले आणि घडी सहज हातात घेतली, तर छोटा डायल चुकलेला. दुबईचा टाइम नाही, आपला नाही, मधलंच काहीतरी. तारीखही एक दिवस मागं. ती तर महिना तीस दिवसांचा संपला की हातानं पुढं ढकलावी लागते, ते याडीनं केलं नव्हतं. मी तारीख नीट केली, छोटा डायल दीड तास मागं नेला. याडी चुलीपुढून बघत होती.

"कायले फिरवून राह्यली?"

"चुकलाय तो."

"मले तसाच पाहिजे."

तसाच म्हणजे कसा? मला राग येतो, लवकर येतो, नाकावर बसलेलाच असतो. मी म्हटलं, "याडी, पोरगा तिकडून इतकी महागाची घडी पाठवते, अन् तू त्याच्या टाइमात चाळे करते?" ती तव्यावरची भाकर उलटवत राहिली. पुढच्या सुट्टीला बघते तर डायल पुन्हा मागं-पुढं झालेला, आणि या वेळी आणखीच मागं. महागावचा बाजार होता त्या दिवशी.

मी भावाला फोनवर सांगितलं. त्यानं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तिले आता टाइम समजत नाही काय?" आमच्या तांड्यातल्या एका म्हातारीचं असंच झालं होतं. आधी वेळ गेली, मग सणवार गेले, शेवटी तिनं स्वतःच्या सुनेला ओळखलं नाही. ते दोघांच्याही डोळ्यांपुढं होतं.

त्यानंतरच्या सुट्टीला मी शहाणपणा केला. दुपारी याडी झोपली होती, उंबऱ्याजवळ, हवेला. तोंडावर पदर. घडी छातीवर श्वासाबरोबर वरखाली होत होती. मी तिथंच बसून डाव्या अंगाची चावी हळूच ओढली आणि छोटे काटे दुबईला नेऊन ठेवले. बाहेर कडुलिंबाखाली एक शेळी रवंथ करत उभी होती. सगळा तांडा झोपेत. मला त्या वेळी फार शांत वाटलं, खरंच सांगते. भावाला त्याच्या जागी बसवलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या गाडीवर मी होते. फाटा आला, दादानं हॉर्न दिला. फाट्यावर कुणी नव्हतं.

पळसाखालचा दगड होता, ज्यावर ती टेकते. रस्त्यावर धूळ होती. उजेड जायला आला होता. दादानं पुन्हा हॉर्न दिला, मग तिसऱ्यांदा. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, कोनाची वाट पाहून राह्यल्या?" मी त्याला असं काही बोलले की तो महागावपर्यंत तोंड उघडू शकला नाही. मग मीच डबल बेल दिली, कारण गाडीत पन्नास माणसं होती आणि मला ड्यूटी होती. माझा जीव तिथंच फाट्यावर राहिला. तिकीट मशीनवर बोटं चालत होती, गावांची नावं तोंडातून निघत होती, आणि मी मनात याडीला घरात शोधत होते. चुलीपाशी, उंबऱ्यात, विहिरीकडच्या वाटेवर.

मुक्कामाला पोचल्यावर शेजारच्या काकीला फोन लागला. "अवो, ते तर आताच डबा घेऊन फाट्याकडून आली. गाडी गेली म्हणे." मग याडी फोनवर आली. "घडी फिरली, बेटी."

घडी फिरली. मी तिच्यावर ओरडले. डोळ्यांत पाणी होतं म्हणून जास्तच ओरडले. "घडी नाही फिरली, तू फिरली! काही झालं असतं म्हणजे?" ती हळूच म्हणाली, "उपाशी राह्यली काय तू?" मी फोन ठेवून दिला.

त्याच रात्री भावाशी ठरलं. याडीला यवतमाळला न्यायचं, माझ्या खोलीत. तांड्यातल्या घराला कुलूप. शेळ्या काकीला. तो म्हणाला, "तिचा जीव नाही लागणार." मी म्हटलं, "मग काय करू? बस सोडून तिच्या उशाशी बसू?" तो म्हणाला, "नको नको."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि गेले. याडीनं वाद घातला नाही. हेच मला फार लागलं. तिनं आपलं गाठोडं स्वतः बांधलं. लुगडी, पितळेचा तांब्या, बाबांचा फोटो उलटा करून मध्ये. मी भांडी बांधत होते. दिवस उतरला तसं घर रिकामं होत गेलं आणि आतला आवाज बदलला, बोललं की परत ऐकू येई. उघड्या दारातून पळसाच्या फुलांवरून उन्हाचा शेवटचा तुकडा आत आला होता, आणि आम्ही दोघी त्यातून ये-जा करत होतो. मला वाटत होतं, हे सगळं मी आधीच कधीतरी पाहिलेलं आहे, गाडीच्या काचेतून, पेंगताना.

मग याडीनं गळ्यातली घडी उचलून पाहिली आणि उठली. बांधलेल्या भांड्यांतून तवा काढला, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं.

"आता कायले? काकीनं जेवायला बोलावलंय ना."

तिला ऐकू आलंच नाही. भाकर थापली, शेकली, फडक्यात गुंडाळली, डब्यात अंबाडीची भाजी घातली, पायात चपला सरकवल्या. मी दारात आडवी उभी राहिले. "याडी, मी इथंच हाय. आज मी गाडीवर नाही."

ती थांबली. माझ्याकडे बघून कसनुशी हसली. "हात-पाय आपलेच चालते बाप्पा." आणि तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न आला. दादाच असणार. मी गाडीवर नव्हते तरी सवयीनं दिला असेल. एकदा, मग थांबून पुन्हा.

याडीनं दोरा धरून घडी माझ्यापुढं केली. मोठ्या डायलवर पावणेसात. छोट्यावर बरोबर सहा.

"पाह्य," ती म्हणाली. "सहाची गाडी सहालेच आली."

मी घडी धरून उभी राहिले. मग एकेक करून सगळं माझ्या अंगावर आलं. बाजाराच्या दिवशी डायल आणखी मागं होता, कारण बाजाराच्या दिवशी टोपल्या जास्त. भाकर गरम होती, कारण तवा या छोट्या काट्यांवर चढत होता. आणि त्या दिवशी फाटा रिकामा होता, कारण मी तिच्या छातीवरून माझी गाडी उचलून दुबईला नेऊन ठेवली होती. तिनं सांगितलंही होतं. घडी फिरली, बेटी.

"पण हा तर लहान्याचा टाइम होता ना," मी म्हटलं.

"लहान्या रोज फोन करते. कधी उठला, काय जेवला, सारं सांगते. त्याचा टाइम मले कायले पाहिजे?" ती चपला काढत होती, माझ्याकडे न बघता. "तू तर फोनबी कधीमधीच करते. मंग तुही गाडी मी घडीत लावून ठेवली."

मला रडू आलं. लपवायला पदर नव्हता, ड्रेस घातला होता, म्हणून तशीच रडले, नाक ओढत. आईला एकटी टाकायची नाही म्हणून मी तिला घेऊन निघाले होते, आणि रोज संध्याकाळी माझ्यासोबत आर्णीपासून फाट्यापर्यंत ती येतच होती. याडीनं डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "गरम हाय तवर खा." मी गाठोड्याला टेकून जेवले. काकीकडे नंतर पुन्हा जेवावं लागलं.

भांडी मी त्याच रात्री परत मांडली. तिचे गुडघे दुखतात, नावं विसरते, पुढं काय होईल मला माहीत नाही. पण सध्या ती तांड्यात आहे आणि फाट्यावर येते. मी आता आर्णीला गाडी थांबली की फोन करते, "निघाली वो याडी." ती म्हणते, "मालूम हाय."

भावाला कळवलं की तिला नेत नाही, तिला वेळ कळते, माझ्यापेक्षा बरी कळते. तो खूश झाला. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "अन् ताई, छोट्यात माहा टाइम नीट लावून देल्ला ना?"

"देल्ला," मी म्हटलं. "आता कोणी हात लावत नाही त्याले."