मामींच्या चादरींसाठी साबण

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर असलेल्या मामांना कपडे कसे धुतात हे साठीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा, म्हणून त्यांची बायकोही सगळ्यांची मामी. संध्याकाळी घरी आलं की ग्रीसनं माखलेले कामाचे कपडे दाराआडच्या बादलीत टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते दोरीवर वाळत असायचे. मधे काय घडतं याचा विचार करायची वेळ मामींनी त्यांच्यावर कधी येऊ दिली नाही.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागे, आणि शब्द मनात असूनही जिभेवर येईनात. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशीच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणायची, "बोला मामी, चुकलं तर चुकू दे." मामी डोळे मिटून घ्यायच्या. एके काळी ज्या बाईचा आवाज जिन्यात ऐकू आला की दूधवाला मुकाट्यानं माप पुरं भरायचा, ती आता पाणी हवं असलं तरी पलंगाच्या दांडीवर बोटांनी टकटक करायची.

सगळ्यात जास्त लागलं ते चादरीचं. कधी कधी बाथरूमपर्यंत पोचणं व्हायचं नाही. सकाळी मामा ओली चादर काढायला लागले की मामी डावा हात डोळ्यांवर आडवा घ्यायच्या.

"अगं, माझं इंजिनाचं तेल आयुष्यभर धुतलंस," मामा म्हणायचे. "त्याच्यापुढे हे काय?"

मामी तो हात आणखी घट्ट दाबून धरायच्या.

धुण्यात कसूर नको म्हणून मामा बादलीत सढळ हातानं पावडर टाकायचे. जितका फेस तितकं काम चोख, असा त्यांचा समज. थोड्याच दिवसांत मामींच्या पाठीवर लाल चट्टे उठले. खाज इतकी की बिचाऱ्या पाठ गादीला घासत राहायच्या. डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली आणि मामांना विचारलं, "पावडर किती टाकता?"

मामांनी ओंजळ करून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, ती सगळी चादरीतच राहते! एखादा साधा, बिनवासाचा साबण वापरा. आणि दोनदा नीट खळबळा."

बिनवासाचा साबण मामांना दुकानात मिळेना. जो उचलावा त्याला कुठल्या ना कुठल्या फुलाचा वास. डेपोत बसगाड्या रंगवणारा रंगारी होता, त्याच्याकडे त्यांनी हे रडगाणं गायलं.

"माझी बायको घरीच करते की," रंगारी म्हणाला. "खोबरेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. बाकी काही नाही."

"घरचा साबण म्हणतोस आणि त्यात कॉस्टिक? त्यानं आपण इथे चिकटलेलं वंगण खरवडतो!"

"तेलाशी पूर्ण मिळाला की तो सोडा राहत नाही मामा, त्याचा साबण होतो. पण माप चुकलं तर मात्र काही खरं नाही." असं म्हणून त्यानं बायकोनं काढलेला व्हिडिओ मामांच्या फोनवर पाठवला.

वर्कशॉपच्या ठोकाठोकीनं मामांचे कान अर्धे गेलेले. त्यामुळे तो व्हिडिओ आठवडाभर घरात ठणाणा वाजत राहिला. मामा पलंगाच्या पायथ्याशी बसून तो लावायचे, मधेच थांबवायचे, पुन्हा पहिल्यापासून लावायचे. मामी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. त्या ऐकतात की नाही, देव जाणे.

रविवारी सकाळी मामांनी कंबर कसली. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, वर्कशॉपचा चष्मा डोळ्यांवर चढवला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले. स्टीलच्या पातेल्यात सोडा काढला आणि पाण्यानं भरलेला तांब्या उचलला. पलंगावरून ओटा सरळ समोर दिसायचा. मामांनी तांब्या कलता केला मात्र—

"उलटं!"

मामा जागच्या जागी थिजले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"उलटं... करताय!" मामी या कुशीवर वळून, कोपरावर रेटा देऊन अर्ध्या उठल्या होत्या. चेहरा लालबुंद झाला होता. "पाण्यात... सोडा. सोड्यात... नाही! कान... कुठे ठेवलेत?"

सोड्यावर पाणी ओतलं असतं तर ते उसळून मामांच्या तोंडावर आलं असतं. व्हिडिओतली बाई हे तीन-तीनदा बजावत होती. पण त्या घडीला मामांना त्याचं काही नव्हतं. ते तसेच, चष्मा आणि हातमोज्यांसकट, पलंगापाशी आले.

"परत म्हण."

"काय... परत?"

"तेच. कान कुठे ठेवलेत ते."

"आधी..." मामींनी दम घेतला, "तांब्या... खाली."

मामांनी तांब्या खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे खूण केली. ती हवी होती, ओट्यापासून जरा लांब, पण सगळं दिसेल अशी.

त्या दिवशीचा साबण साफ फसला. मामांनी तेल पेल्यानं मोजलं आणि सोडा चमच्यानं, कारण बोल्ट किती आवळायचा हे त्यांचा हात सांगायचा, मग तेल का सांगू नये? दुसऱ्या दिवशी साच्यात खाली मऊ लगदा आणि वर तेलाची तळी. मामींनी त्यावर एक नजर टाकली.

"वजन," त्या म्हणाल्या. "अंदाज... गाडीला."

पुढच्या वेळी वजनकाटा मामींच्या मांडीवरच्या पाटावर आला. मामा तेल ओतायचे, मामी आकडा बघायच्या आणि "पुरे" म्हणायच्या. मामा एक थेंबही जास्त ओतायला धजत नव्हते. सोडा मात्र मामींपासून दूर, ओट्यावरच. तो मोजायचं, पाण्यात सोडायचं काम मामांचं. लाकडी उलथन्यानं घोटता घोटता तेल आणि पाणी एकजीव झालं, आणि उलथनं उचलल्यावर त्याची रेघ, म्हणजे साबण जमल्याची खूण, वर उमटून राहायला लागली, तेव्हा दोघंही श्वास रोखून बघत होती.

नेमकी त्याच वेळी लेक आली. दारातच तिनं चष्मा लावलेले बाबा, उघडा सोड्याचा डबा आणि खुर्चीत बसलेली आई पाहिली आणि तिचा पारा चढला.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? ॲसिडसारखं भाजतं ते! आईला आधीच काय कमी झालंय? आत्ताच्या आत्ता फेकून देते हे सगळं."

मामा खाली मान घालून उभे राहिले. तिचं चुकत नव्हतं. लेकीनं पातेल्याला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ठेव."

लेक गर्रकन वळली. झटका आल्यापासून आईचा आवाज तिनं ऐकला नव्हता. फोनवर ती बोलायची आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा.

"आई?"

"ठेव ते. आमचं... आहे," मामी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "चहा टाक."

लेकीनं आधी आईच्या मांडीत डोकं घातलं. पाट, काटा सगळं बाजूला सरकवून. चहा बराच उशिरा झाला. डब्याला मात्र तिनं स्वतः जाऊन कुलूप लागणारं कपाट शोधून दिलं.

वड्या कापून महिनाभर खिडकीच्या फळीवर वाळवायच्या होत्या. मामींनी त्या रोज मामांकडून उलटवून घेतल्या. वड्या कडक झाल्यावर मामांनी एक किसली, गरम पाण्यात विरघळवली आणि चादर धुतली. दोनदा खळबळली. मामी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणून तिसऱ्यांदाही खळबळावी लागली. फेस जेमतेम. मामांचा विश्वास बसेना, पण चादर स्वच्छ निघाली.

चट्टे हळूहळू विरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निम्मं श्रेय पावडर सुटल्याचं आणि निम्मं नीट खळबळण्याचं. साबणाचं नावही त्यांनी घेतलं नाही म्हणून मामा घरी येईपर्यंत गाल फुगवून होते.

मामींचा उजवा हात काही परत आला नाही. शब्दही तुटक राहिले, पण आता व्यायामवाल्या बाईला "पुरे झालं, दमले" असं ठणकावून सांगण्याइतके येत होते. एका सकाळी त्यांनी आपलं पोलकं उचललं, साबणाची वडी घेतली आणि बाथरूममधल्या चौरंगावर जाऊन बसल्या. मामा मागोमाग गेले.

"बाहेर," मामी म्हणाल्या.

मामा बाहेर दाराशी उभे राहिले. आतून डाव्या हातानं कपडा घासल्याचा आवाज येत होता. मधेच वडी निसटून पडली, मामी काहीतरी पुटपुटल्या. मामांचा हात कडीकडे गेला, आणि त्यांनी तो परत खिशात घातला. कामावर जायला उशीर होत होता. तरी ते नळ बंद होईपर्यंत तिथेच थांबले.