मी दिलेला खोटा जबाब

हे मी नऊ वर्षं टाळलं. लेकीचा हात कसा मोडला, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. आता लिहितो.

नोकरीचे कागद तपासून घ्यायला आम्ही आमच्या शहराच्या नेपियर टाउन भागातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. ती तेव्हा बावीसची. लहानपणापासून दोन्ही पायांत जोर नाही, कुबड्यांवर चालते. काम दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण कुलूपबंद. फक्त साहेबांसाठी. ती म्हणाली, लिफ्ट उघडा, नाहीतर कागद बघायला माणूस खाली पाठवा.

चौकीदार हसला. "अरे दीदी, वजन ही कितना है? बोरी समझ के उठा लेंगे."

आणि उचललंच. न विचारता. कुबड्या खाली आदळल्या. कुर्ता पोटावर सरकला. जिन्यातली रांग बघत होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"बाबा, त्याले सांगा ना, खाली ठेव म्हणून."

मी कुबड्या गोळा करत होतो. रांझीच्या कारखान्यात जन्मभर साहेबांपुढे मान खाली घातलेला माणूस मी. मला वाटलं, भला माणूस, मदत करून राहिला. म्हणालो, "गप राहा बेटा. दोनच मजले."

ती त्याच्या मनगटाला चावली. रक्त येईपर्यंत. त्यानं शिवी घातली आणि तिला चौथ्या पायरीवर टाकलं. कोपर दगडावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आणि मी तिला मारलं. तोंडावर. दोनदा. मोडका हात छातीशी धरलेल्या लेकीला. मग चौकीदारापुढे हात जोडले. "माफ करना भैया, लड़की चिड़चिड़ी है."

ती रडली नाही. ओठाचं रक्त पुसलं. "मी काही सामान नाही. लिफ्ट उघडाल तेव्हाच हलीन."

जिना अडवून बसली. अर्ध्या तासानं कुलूप निघालं. बसल्या बसल्या सरकत ती लिफ्टमध्ये गेली. मलाही हात लावू दिला नाही.

तिनं तक्रार केली. चौकशीत मी लिहून दिलं, तोल जाऊन पडली, कुणाचा दोष नाही. तक्रार बंद. लिफ्टही परत कुलूपबंद, ती आजही.

गेल्या सोमवारी त्याच कार्यालयात खरा जबाब दिला. त्यानं टाकलं, मी मारलं, मी खोटं लिहिलं. बाबू म्हणाला, "दादाजी, गड़े मुर्दे क्यों उखाड़ रहे हो?" पोच घेऊनच उठलो. कुलूप कायमचं निघेपर्यंत दर सोमवारी जाणार. जिन्यात बसणार. उचलून फेकलं तरी परत बसणार.

ती आता भोपाळला नोकरी करते. रविवारी तिचा आईला फोन येतो. ती विचारते, "बाबा आहेत का?"

मी समोरच असतो. हातानं खूण करतो, नाही म्हण.