साडूबुवांच्या नळीतली हवा

साडूबुवांच्या चाचणीचा बोऱ्या वाजवला तो मी. म्हणजे माझ्या अत्तरानं, पण ते लावलं होतं मीच.

साडूबुवा म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. काम, विमानातली हवा तपासणं. आतली हवा इंजिनातूनच घेतलेली असते. एखादं सील गळकं निघालं, तर तेलाचा अंशही तिच्याबरोबर आत घुसतो. ओल्या मोज्यांसारखा वास सुटतो, लोकांची डोकी चढतात. मग साडूबुवांना बोलावणं. दारं लावून, इंजिनं सुरू करून ते पंपानं पेन्सिलीएवढ्या नळीत हवा ओढून घेतात आणि नळी प्रयोगशाळेत धाडतात.

मी त्याच विमानांच्या सीटांची कव्हरं शिवतो. माझी कव्हरं निदान दिसतात! यांची हवा दिसतसुद्धा नाही आणि सासुरवाडीत बोलबाला तिचाच. दूध नासलंय का, हे बघायला सासूबाई पातेलं त्यांच्या नाकापुढे धरतात.

"आई, तपासणी नळी करते, मी नाही."

"बघा, किती साधेपणा!" थोरला जावई मी, समोरच बसलेलो. एकदा तरी म्हणावं, शिवण काय सरळ घालतोस रे!

काल मेव्हणीचा फोन. "भाऊजी, उद्या यांची चाचणी आहे, त्याच विमानात आहात ना? अंगाला वासाचं काही लावू नका, हे म्हणालेत."

आता माझ्या अंगाला काय लावायचं, तेही हेच ठरवणार? सकाळी थोडं मानेला लावलं, थोडं मनगटाला आणि उरलेलं रागानं शर्टावर ओतलं.

शेवटच्या रांगेतलं कव्हर बसेना, म्हणून मी आतच राहिलो. दारं लागली, इंजिनं घुमली, पंप सुरू झाला. साडूबुवा एकेक रांग मागे येत माझ्यापाशी थांबले. त्यांनी पंप बंद केला.

"नमुना बाद. यात तेल असलं तरी अत्तराखाली दडेल. पुन्हा पहिल्यापासून."

पुढून वैमानिकानं मान बाहेर काढून कपाळाला हात लावला.

"आता सासूबाईंना सांगणार?" मी विचारलं.

"छे, त्यांना कशाला?"

घ्या! चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढेच. मला राहवेना.

"मग माझ्या कव्हरांबद्दल तरी दोन शब्द सांगा की त्यांना! तुमचं ऐकतात त्या."

साडूबुवांनी नवी नळी काढली आणि मला दार दाखवलं.

"आधी आंघोळ करून या."