ड्रायरला शिवलेलं कव्हर

आधी चाचांचं सांगते. चाचा म्हणजे वायरमन. तेव्हाच साठीला आलेले, डाव्या कानात कायम कापसाचा बोळा. माझं त्यांचं रक्ताचं नातं नाही, धर्माचं नाही, गावाचंही नाही. तरी कोल्हापुरात आजवर माझ्या पोटाला काम मिळत गेलं, बाई विश्वासाची आहे असं लोक म्हणत गेले, ते त्यांच्यामुळे. काय झालं ते आता लिहिते. लिहायची सवय नाही, सातवीतच शाळा सुटली, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

मी मूळची यवतमाळकडची. नवरा इथल्या फाउंड्रीत लागला म्हणून त्याच्यामागं आले. दोन वर्षांनी तो दुसरीकडे संसार मांडून मोकळा झाला. परत कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून मी इथंच राहिले. लक्ष्मीपुरीतल्या एका लिंगायत घरात म्हातारीची सेवा करायचं काम मिळालं. अव्वा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा मुलगा अण्णा, खाली धान्याचं दुकान. सून, तिला मी वहिनी म्हणायचे. झालं घर.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. जुलैची झड लागली आणि चादरी वाळेनात. अव्वांना दिवसातून चार-पाच चादरी लागायच्या. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर दमट वास. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठ कोरडी राहिली पाहिजे, एकदा जखम झाली की या वयात भरत नाही. म्हणून अण्णांनी कपडे वाळवायचं मशीन आणलं. ड्रायर. असलं काही मी तोवर कुणाच्या घरात पाहिलं नव्हतं. कंपनीचा माणूस यायला आठ-दहा दिवस लागणार होते. अण्णा थांबणारे नव्हेत. त्यांनी चाचांना बोलावलं. त्या घराची वायरिंग वीस वर्षं चाचाच बघत होते.

चाचांनी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली. "हे हिटरचं भावंड हाय, साध्या पिनीवर चालवायचं न्हाय," म्हणाले. मग मोरीच्या खिडकीची काच काढून तिथं प्लायवूड बसवलं आणि त्याला मशीनच्या पाइपासाठी थाळीएवढं भोक पाडायला घेतलं.

"काहून एवढं मोठं भोक?" मी विचारलं.

"आलं बघा आमचं नागपूर!" चाचा स्टुलावरून हसले. "काहून म्हणं. अगं, कापडातल्या पाण्याला जायाला वाट नको व्हय? का तुमच्याकडं वाफ जिन्यानं उतरती?"

मी नागपूरची नाही हे त्यांना चारदा सांगून झालं होतं.

मशीन सुरू केल्यावर त्यांनी मला मागच्या बाजूला हात धरायला लावला. तिथं बारीक फटी होत्या. "हितनं हवा आत घेतंय, पाइपातनं भाईर सोडतंय. श्वास हाय त्येचा. मागं-बाजूला मोकळं ठेवायचं. ही जाळी रोज पुसायची. आणि पोत्यागत कापडं कोंबायची न्हाईत. ध्यानात ऱ्हाईल?"

"हाव," मी म्हणाले.

पहिली चादर निघाली ती पापडासारखी. अव्वांनी ती गालाशी धरली आणि विचारलं, "ऊन पडलंय काय ग भाईर?" बाहेर धो धो कोसळत होतं. मला रडूच आलं. इतके दिवस त्या बाईला ओल्यात निजवत होते, त्यातून देवानं सोडवलं असं वाटलं.

त्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर होतं. टीव्हीला, मिक्सरला, फोनला, फ्रिजच्या मुठीलासुद्धा. हे मशीन तेवढं उघडं. "धूळ बसंल की ग त्याच्यावर," वहिनी म्हणाल्या. मी एखादं जुनं कापड मागितलं आणि त्यांनी अव्वांचं विरलेलं इरकल लुगडं दिलं. दोन दुपारी बसून मी कव्हर शिवलं. काठ समोर आणला, खाली झालर लावली, मागून नाड्या आवळून बांधल्या. दारापुरती पुढं झडप ठेवली, मशीन लावताना तेवढी वर टाकायची. वहिनींनी शेजारणीला बोलावून दाखवलं. "आमच्या बाईच्या हातात कला हाय," म्हणाल्या. या गावात माझं कौतुक तेव्हा पहिल्यांदाच झालं असेल.

मोकळं ठेवायला सांगितलंय हे मी विसरले नव्हते. मागं मी साधी बादलीही ठेवत नव्हते. पण कव्हर म्हणजे अडगळ, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. आपण बाळाला अंगडं घालतो, त्यानं काय त्याचा श्वास अडतो?

दुसऱ्या दिवसापासून मशीन पंधरा-वीस मिनिटांत बंद पडायला लागलं. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी कुणाला सांगितलं नाही. एवढं नवं मशीन, आणि हात फक्त माझा लागलेला. परगावची बाई, बिघडवलं म्हणतील, काढून टाकतील. चादर बाहेर काढली की कढत असायची. कढत कापड हाताला वाळल्यासारखंच लागतं. मी घडी घालायचे, अंथरायचे.

"थंड लागतंय ग," अव्वा म्हणायच्या.

पावसाळी हवा म्हणून मी वरून आणखी एक वाकळ घालायचे. थंडी खालून येत होती. हे असं सहा दिवस चाललं.

सातव्या दिवशी अंग पुसताना अव्वांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडावरची कातडी गेलेली. रुपयाएवढी जागा, लाल. "साकु, साकु," अव्वा कण्हल्या. म्हणजे पुरे. दुखलं की त्या कानडीत जायच्या.

डॉक्टर आले. "चादरी ओलसर असतात का?" त्यांनी विचारलं. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "मशीनमध्येच वाळवते."

खोटं बोलायला तेवढाच वेळ लागतो.

त्याच दुपारी मशीन पुरतं गेलं. बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. अण्णांनी चाचांना निरोप धाडला.

चाचांनी प्लग तपासला, करंट होता. जाळी काढून पाहिली, स्वच्छ होती. पाइपावरून हात फिरवला. मग मशीन तिरकं करून मागं डोकावले आणि तिथंच थांबले.

"हे मागं काय बांधलंस ग?"

"कव्हर."

"मशीन चालताना काढतीस न्हवं?"

"पुढचं वर करते."

त्यांनी मशीन पुढं ओढलं. एकेक नाडी सोडवली. लुगडं आतल्या बाजूनं पिवळं पडलं होतं. "पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "नाकावर उशी दाबलीस की गं त्येच्या." मागचा पत्रा खोलून त्यांनी बटणाएवढा एक तुकडा काढला. मशीन फार तापलं की तो आधी जळतो आणि सगळं बंद करतो, असं त्यांनी सांगितलं.

"किती दीस असं चाललंय?"

"सहा."

"आणि कापडं?"

सोडवलेलं कव्हर मी उचलून घेतलं. चाचांनी अव्वांच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. त्यांना समजलं.

तेवढ्यात अण्णा जिना चढून आले. "काय ओ चाचा, पंधरा दीस न्हाई झालं बसवून! कशानं गेलं?"

कव्हर माझ्या हातात होतं. मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते की नाही, हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"चूक माजी हाय, अण्णा," चाचा म्हणाले. "पाइपाला वळण जास्ती दिलं मी. हवा कोंडली, पार्ट जळला."

अण्णांचा आवाज मुळात मोठा, तो दुकानापर्यंत गेला असेल. "जावा, आत जाऊन बघा अव्वाची पाठ! वीस वर्सं घरातलं माणूस म्हणून घेतोय तुम्हास्नी. जमत न्हवतं तर न्हाय म्हणायचं हुतं की!"

"बराबर हाय तुमचं."

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडं न बघता पाना उचलला. "नागपूर, जरा पाणी आण."

मी पाणी आणायला गेले. तांब्या भरून येईपर्यंत अण्णा खाली उतरून गेले होते.

"असं काहून केलं?" मी विचारलं.

"तू एकटी हाईस हितं," ते म्हणाले. "मला दहा घरं हाईत." पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा म्हणाले, "कापड गार होऊ दे, मग गालाला लाव. हाताला खोटं कळतंय. गालाला न्हाय."

चार दिवसांनी त्यांनी पार्ट आणून बसवला. मशीन उघडंच राहिलं. त्यानंतर गालाला लावल्याशिवाय एकही चादर मी अंथरली नाही. पण जखम काही भरली नाही. गौरी-गणपती झाले आणि अव्वा गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तसं असेलही. मला ते मानता आलेलं नाही.

लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. अंघोळ घालून, विभूती लावून अव्वांना भिंतीशी बसवलं. ज्या पाठीला दीड महिना कापसाचा स्पर्श सोसत नव्हता, ती पाठ भिंतीला टेकवली. मी मध्ये माझा हात घातला. "काढ की हात, आता काय," कुणीतरी म्हणालं. वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं केलंस ग." आणि मला मिठी मारून रडल्या.

चाचा आले होते, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्या घराचं काम दुसऱ्या वायरमनकडं गेलं. बाजारात बोललेलं लपत नाही. आजूबाजूच्या दुकानांतही हळूहळू त्यांना बोलावणं येईनासं झालं. मला मात्र वहिनींनीच पुढचं काम लावून दिलं, जपून करणारी बाई म्हणून.

चाचा आता थकलेत, नजर गेली आहे. अधूनमधून मी जाते, त्यांच्या खाटेशी बसते. एकदा म्हटलं, अण्णांना सगळं सांगून टाकते. ते म्हणाले, "मेल्या माणसाची पाठ आता उघडू नगंस. ऱ्हाऊ दे." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज वाटते.

पण ऱ्हाऊ दे म्हणणं त्यांचं झालं, माझं नाही. एक दिवस मी तो जिना चढणार आहे. अण्णा आणि वहिनी दोघांना समोर बसवून सांगणार आहे की पाइपाचं वळण बरोबर होतं, चाचांचं काम बरोबर होतं, आणि डॉक्टरांना मी काय सांगितलं होतं. मग ते मला काय बोलायचं ते बोलोत. अण्णांनी स्वतः चाचांच्या खाटेपर्यंत यावं, एवढंच मागेन. अजून धीर होत नाही. पण चाचा आहेत तोवर हे फेडायचं आहे, आणि मी फेडणार आहे.