पिकअपचा सेन्सर आणि अयुबचा कान

शिरूर बायपासला अयुबचं गॅरेज होतं. वीस वर्षं त्यानं जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. गाडी फाटकातून आत येतानाच तो सांगायचा, ‘टॅपेट वाजतोय,’ नाहीतर ‘बेअरिंग गेलंय.’ बॉनेट नंतर उघडायचा. त्यामुळं लोक गाडी बंद न करताच त्याच्याकडं आणत आणि तो मान तिरकी करून ऐकेपर्यंत गप्प उभे राहत.

दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात न्हावऱ्याचे पोपटराव आप्पा एक पांढरी पिकअप घेऊन आले. परदेशी बनावटीची, पेट्रोलची, दहा-बारा वर्षं जुनी. रांजणगावच्या एका कंपनीनं लिलावात काढली तेव्हा आप्पांनी ती शेवंतीची पोती पुण्याला न्यायला उचलली होती.

“अयुबभाई, ही गाडी न्हवं, हत्ती हाय,” आप्पा म्हणाले. “यवतला पोचूस्तवर पेट्रोलचा काटा खाली येतो. आन् हा पिवळा दिवा बघा, विझतच न्हाई.”

अयुबनं मान तिरकी केली. इंजिन त्याला सरळ वाटलं. पण सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी होती आणि पेट्रोलचा उग्र वास येत होता. प्लग काढले तर चारही कोळशासारखे काळे. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं. का जात होतं, ते मात्र कळेना. कार्ब्युरेटर असता तर स्क्रू फिरवून मोकळा झाला असता. इथं कार्ब्युरेटरच नव्हता. सीटखाली एक डबा होता, तो ठरवायचा किती पेट्रोल सोडायचं.

त्या दिवसापासून अयुबला चैन पडेना. जेवताना अर्ध्यातून उठायचा, गाडीभोवती दोन चकरा मारायचा, परत ताटावर यायचा.

त्याची बायको गुलशन रांजणगावला कंपनीत होती. वायरींचे जुडगे मीटर लावून तपासायचं तिचं काम. गाडीच्या कप्प्यात सापडलेलं इंग्रजी पुस्तक ती दोन संध्याकाळी अडखळत वाचत बसली. मग म्हणाली, “बॉनेटखाली एक डबी हाय. तिच्यातली दोन भोकं वायरनं जोडायची. मग त्यो पिवळा दिवा लुकलुकतो. किती येळा लुकलुकला ते मोजायचं.”

दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, मग एकदा लुकलुकला. एकवीस नंबर. पुस्तकात एकवीससमोर लिहिलं होतं, ऑक्सिजन सेन्सर.

“म्हंजी काय करतो त्यो?”

“धुराच्या पायपात बसल्याला आस्तोय. धुरात हवा किती उरली ते बघतो आन् डब्याला कळवतो. हवा जास्त दिसली की डबा पेट्रोल वाढवतो.”

तिनं त्याला मीटर धरायला शिकवलं. चांगल्या सेन्सरचा आकडा एका जागी राहत नाही, शून्याच्या जवळून जवळजवळ एक व्होल्टपर्यंत सारखा वर-खाली होतो. इथं तो खालीच चिकटून होता. ‘मेलाय,’ अयुब म्हणाला आणि त्याला हायसं वाटलं.

सेन्सर पुण्याहून यायला आठ दिवस लागले. जुना निघता निघेना. पाइप तापवला, तेल सोडलं, पान्याला लांब नळी घालून जोर लावला, तेव्हा कुठं आटे सुटले. नवा बसवला, दिवा विझला, आप्पा गाडी घेऊन गेले.

चौथ्या दिवशी ते परत आले. दिवा पुन्हा लागला होता. नव्या सेन्सरचा आकडाही खालीच चिकटलेला. सेन्सर म्हणत होता हवा जास्त, प्लग म्हणत होते पेट्रोल जास्त. अयुबनं वायरी तपासल्या, डब्याची पिन न् पिन घासली. आप्पांचा माल आणखी दोन दिवस दुसऱ्याच्या टेम्पोनं गेला. अयुबला त्यांच्याकडं बघवेना.

गुलशनच्या सुट्टीचा वार होता. सकाळी गारठ्यात ती चहा घेऊन गॅरेजात आली आणि त्याच वेळी अयुबनं गाडी चालू केली.

“ते टिकटिक कसलं वाजतंय?” ती म्हणाली.

“कसली टिकटिक?”

“ही काय. घड्याळासारखी. तुमच्या डाव्या बाजूला.”

अयुबनं मान तिरकी केली. त्याला इंजिनाची नुसती घरघर ऐकू आली. गुलशन त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं चहा बॉनेटच्या कडेवर ठेवला.

“मोबाइल कायम उजव्या कानाला का लावता, ते मला म्हाईत हाय,” ती हळू म्हणाली. “वरीसभर बघतीया. तुम्ही सांगाल म्हणून गप ऱ्हायले.”

इंजिन गार होतं, म्हणून त्यानं खाली वाकून धुराच्या पाइपाच्या जोडाभोवती तळहात फिरवला. एका जागी बारीक फुंकर लागली. साबणाचं पाणी टाकलं तसे बुडबुडे आले. सेन्सरच्या अलीकडंच पाइपाला केसाएवढी चीर होती. धूर बाहेर येत होता तसा बाहेरची हवाही आत ओढली जात होती. सेन्सर तीच हवा बघायचा आणि डबा पेट्रोल वाढवत बसायचा. गार इंजिनावरची असली टिकटिक पूर्वी त्याला रस्त्यावरून ऐकू आली असती.

चीर वेल्ड केली तसा मीटरचा आकडा नाचायला लागला. पण अयुबला तेवढ्यानं शांत बसवेना. आपण आप्पांना नवा सेन्सर उगाच बसवला की काय, हे त्याला कळायला हवं होतं. त्यानं जुना परत लावून पाहिला. तो वर-खाली होत होता, पण पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी सावकाश, दमलेल्या माणसासारखा. म्हणजे तोही गेलाच होता. अयुब निम्मा बरोबर निघाला. त्यानं नवा पुन्हा बसवला.

आप्पा आले तेव्हा चिरेचं आणि सेन्सरचं एवढंच सांगून भागलं असतं. पण अयुब हात पुसत म्हणाला, “आप्पा, गाडी मी दोनदा खोलली, कारण आवाज मला ऐकू आला न्हाई. डावा कान गेलाय माझा. वरीस झालं. कुणाला बोललो न्हाई.”

आप्पा त्याच्या डावीकडं उभे होते. ते पिकअपला वळसा घालून उजवीकडं आले आणि मग म्हणाले, “कुठं दाखवलं का न्हाई?”

“न्हाई.”

“मग सोमवारी फुलांच्या गाडीत बसा. दोघंबी.”

पुण्याच्या दवाखान्यात अयुबला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं गुलशन उभी होती. अयुब अंगठा बटणावर ठेवून पुढं झुकून ऐकत राहिला. डाव्या कानाच्या वेळी तो बराच वेळ नुसता बसला, मग घाईघाईनं दाबायला लागला. त्यातल्या बऱ्याच वेळा आवाज झालाच नव्हता, ते नुसत्या अंदाजानं दाबत होते, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर गुलशनला सांगितलं.