बियाण्याची फुलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शहरातल्या द्वारका चौकात झेंडूचे ढीग लागतात. परवा तिथून चालले होते. हॉर्न, धूर, भावावरून हमरीतुमरी, आणि या सगळ्याला पुरून उरणारा तो उग्र, हिरवट, जरा कडवट वास. ढिगामागच्या दुकानात एक डायरी टांगलेली दिसली. मुखपृष्ठावर झेंडूच छापलेला, वर सोनेरी अक्षरं : 'रोज तीन गोष्टींचे आभार माना.' माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं झाली, तरी तसली डायरी दिसली की फिरतंच.

माझ्या वडिलांचा, नानांचा, गंगापूरच्या बाजूला फुलांचा मळा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रवेशाला नाना सोबत आले होते, पायांना मळ्यातली माती तशीच. खिडकीतला कारकून म्हणाला, "पोरीला घेतलंय. आभार माना आमचे." नाना शांतपणे म्हणाले, "मार्क तिनं आणले साहेब. मानायचेच तर तिचे मानतो की." त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली, ती आजवर वाकलेली नाही.

म्हणून नाना कृतघ्न होते असं कुणी समजू नये. पहिला बहर आला की बांधाकडच्या जोमदार झाडांना ते चिंधी बांधत. ती फुलं तोडायची नाहीत. झाडावरच वाळू द्यायची, पुढच्या सालच्या बियाण्यासाठी. दसऱ्याला मागणी शिगेला पोचलेली आणि व्यापाऱ्याचा डोळा नेमका त्याच फुलांवर. "एवढा टपोरा माल वाळवताय नाना? येडे का काय!" नाना हसत. "झाडानं लय दिलं भाऊ, थोडं त्याच्यापाशी राहू दे. का पुढच्या साली टेम्पोत कागदाची फुलं भरतोस?" बाकी सगळा मळा रिकामा होई आणि त्या चिंध्यांची झाडं तेवढी उन्हात पेटल्यासारखी उभी राहत. आभार हा शब्द नानांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ऐकायची गरजही पडली नाही.

आणि दोन हजार सालानंतर अंबडच्या एका कारखान्यात मला आभार शिकवायला माणूस आला! मी तिथे ऑफिसात हंगामी होते, कायम होण्याकडे डोळे लावून बसलेली. माणसं कमी करायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास हे सकारात्मक विचारांचे गुरुजी अवतरले. प्रत्येकाच्या हातात डायरी. रोज सकाळी तीन आभार लिहायचे, सोमवारी सगळ्यांसमोर वाचायचे. लोक पंख्याचे आभार मानत, चहाचे मानत, आणि साहेबांचे तर विचारू नका. ज्याच्या पोटाला चिमटा बसतोय, त्यालाच हसून धन्यवाद म्हणायला लावायचं, आणि नाही म्हटला तर त्याचे विचार नकारात्मक! ही कसली कृतज्ञता? ही तर हजेरी.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मला ते काम बोट धरून शिकवलं होतं. एका शनिवारी त्यांना घरी पाठवलं. सोमवारी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर फायली रचलेल्या. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या डायरीत कंपनी कुठं दिसत नाही. कायम करायच्या नावांचा विचार चाललाय. आज जरा मनापासून वाचा."

मनापासूनच वाचलं. "या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंनी मला काम शिकवलं, मी त्यांची आभारी आहे. त्यांना जाताना कुणी आभारसुद्धा म्हटलं नाही, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच म्हणते. तिसरं काही सुचलं नाही." टाळी वाजली नाही. गुरुजी छताकडे बघू लागले. कायमच्या यादीत माझं नाव आलं नाही, हे सांगायला नकोच.

घरी येऊन नानांना सांगितलं. ते चिंधीच्या झाडांशी वाकले होते. "बरं केलं पोरी," एवढंच म्हणाले आणि वाळलेलं एक फूल माझ्या तळहातावर चुरलं. काळ्या, बारीक, शेंडीच्या बिया.

आता त्या मळ्यावर इमारती आहेत, नाना नाहीत. मला पुढे चांगली नोकरी लागली. तिच्यासाठी मी कुणाचेच आभार मानले नाहीत. गॅलरीतल्या कुंड्यांत तोच झेंडू दरवर्षी येतो. पहिल्या फुलाला चिंधी बांधते. ते वाळत जातं तसा त्या सोमवारचा राग पुन्हा वर येतो. येऊ दे. तोही मी तोडलेला नाही.