टेकडीचा नियम

मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा आजोबा तुमच्याबरोबर टेकडीवर का आले नाहीत, याचं खरं कारण तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. गुडघा दुखतोय, असं ते म्हणाले. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. परवा फोनवर तुमच्यापैकी धाकटीनं मला विचारलं, "आजोबांना आम्ही आता आवडत नाही का?" म्हणून हे लिहिते आहे. त्यांना न विचारता लिहिते आहे.

साखर कारखान्यातून ते निवृत्त झाल्यावर आम्ही संकेश्वर सोडून बेळगावात, खासबागला राहायला आलो. इथे वडगावात पॉवरलूम चालवणारे अण्णा त्यांना भेटले. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांनीही जाड टायरची गिअरची सायकल घेतली. आठवड्यातून एक-दोनदा काकती गावामागच्या टेकडीवर कच्च्या वाटेनं चढून जायचे, येताना इडली खायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुमचे आजोबा व्हरांड्यात पाय वर करून दिवसभर पेपर वाचायचे. इतकं खूश मी त्यांना नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

मग तुमच्यातल्या मोठ्यानं फोनवर सांगितलं की त्यालाही तशीच सायकल मिळाली आहे, दिवाळीला तो येणार आणि आजोबांच्या पुढे टेकडी चढून दाखवणार. आजोबा हसले. फोन ठेवला, अंघोळ केली आणि बस्तीत गेले. बस्ती म्हणजे आपलं जैन मंदिर. देवासमोर त्यांनी नियम घेतला: नातवंडं येईपर्यंत रोज एकदा टेकडी चढायची.

आपल्या घरांत माणसं नियम घेतात. कोणी बटाटा सोडतं, कोणी चातुर्मासात दिवसातून एकदाच जेवतं. घेतलेला नियम मोडायचा नसतो. सायकलीचा नियम मात्र मी जन्मात ऐकला नव्हता.

पावसाळा सुरू झाला. सकाळी बस्तीत अभिषेक, म्हणून टेकडी दुपारनंतर. चिखलातून चढून परत येईपर्यंत दिवस मावळलेला असायचा, आणि दिवस मावळल्यावर आपण जेवत नाही. वाढलेलं ताट मी झाकून उचलायची. ते पाणी पिऊन आडवे व्हायचे, पण झोप लागायची नाही. चेहरा ओढला. साधी सर्दी जाईना. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडले, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच गोंधळल्यासारखे बघत राहिले. जी टेकडी ते बोलत बोलत चढायचे, तिथे आता मध्येच उतरून सायकल ढकलावी लागते, असं अण्णांनी मला सांगितलं.

अण्णा एकदा चहा पिताना म्हणाले, "आप्पा, सायकलीला तरी सुट्टी द्या. तिनं कुठं नियम घेतलाय?"

नेहमी अशा बोलण्यावर टाळी देणारे आजोबा कप तसाच ठेवून उठून गेले. पुढे बरेच दिवस ते एकटेच जात होते.

मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सकाळी उठल्या उठल्या नाडी बघायला सांगितली. अंथरुणातच ती अशी पळत होती, जणू ते टेकडी चढूनच आले आहेत. बाई म्हणाल्या, "आप्पा, तरुणांचं शरीर एका रात्रीत भरून येतं, तुमचं येत नाही. ताकद चढताना येत नाही, नंतर खाऊन-झोपून येते. तुम्ही नुसतं काढताय, भरत काहीच नाही." काही आठवडे पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितली. आजोबांनी हात जोडले आणि दिवाळीनंतर घेतो म्हणाले.

नवरात्रात तुमचा फोन आला. परीक्षा मध्ये येत होत्या, विमानाची तिकिटं महाग होती, दिवाळीऐवजी मे महिन्यात येऊ म्हणालात. यात तुमची काही चूक नव्हती. तुम्हाला नियम माहीतच नव्हता. आजोबा म्हणाले, "असू दे रं. मे म्हैना काय लांब न्हाय." मग बाहेर जाऊन सायकलीच्या बुटांचे बंद बांधू लागले.

मी निपाणीकडच्या एका गावी गेले. तिथे चातुर्मासासाठी माताजी, म्हणजे आपल्या साध्वी, उतरल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की नियमानं देह झिजत असेल तर तो बदलून घेता येतो. टेकडीच्या जागी त्या दिवशी जाप करावा, पण ज्यानं नियम घेतला त्यानं स्वतः यावं. मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी सायकलीची साखळी पुसून घेतली. मग म्हणाले, "आपल्या सोयीनं बदलला तर त्यो नियम कसला गं?"

दिवाळी झाली आणि त्यांना ताप आला. अंगात ताप असतानाही ते टेकडीकडे निघाले. काकतीच्या पुढे रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून छाती धरून बसलेले ते अण्णांना दिसले. अण्णा रोज आपल्या मोटारसायकलवरून लांबून त्यांच्या मागे जात होते, हे मला तेव्हा कळलं.

तापात ताण पडून हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, ठोके बिघडले होते. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतःच्या हृदयाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"काल टेकडी झाली न्हाय," ते म्हणाले.

"नाही झाली," मी म्हटलं.

ते भिंतीकडे तोंड करून रडले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर खोलीतून व्हरांड्यापर्यंत, व्हरांड्यातून फाटकापर्यंत, असं ते चालायला लागले. आता दिवस मावळायच्या आत पोटभर जेवत होते, दुपारी झोपत होते, सगळं ऐकत होते, कारण मे महिना गाठायचा होता. एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवा म्हणाल्या. टेकडी कायमची बंद.

तुम्हाला काही कळता कामा नये, असं त्यांनी मला आणि अण्णांना बजावलं. पोरांना वाटेल आपल्यामुळं झालं, म्हणाले. मे महिन्यात तुम्ही अण्णांबरोबर टेकडीवर गेलात. आजोबा फाटकापाशी उभे राहिले ते तुम्ही परत येईपर्यंत तिथून हलले नाहीत. मोठा धापा टाकत आला आणि म्हणाला, "आजोबा, एवढी सोपी टेकडी, आणि तुम्ही घाबरलात?" ते हसून म्हणाले, "व्हय रं, घाबरलो." तुम्हीही हसलात.

तुम्ही गेल्यावर त्यांनी ती सायकल विकली नाही. कधीतरी खासबागेतल्या गल्लीत एक फेरी मारतात. पण विमानाचा आवाज आला की मला विचारतात, "पोरं आता कवा येत्यात?" मी माहीत नाही म्हणते.

माझं एवढं ऐका. पुढच्या वेळी यायचं ठरलं तर त्यांना सांगू नका, फक्त मला सांगा. ते सकाळी अंघोळ करून पुन्हा एखादा नियम घ्यायला बस्तीकडे निघण्याच्या आत येऊन दारात उभे राहा.